डाव्या हाताची शिवण

पहिल्याच भेटीत हिराक्कांनी माझं काम सोपं केलं आणि स्वतःचं एक गिऱ्हाईक कायमचं घालवलं.

नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बारामतीत राहून एका विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करायचो. पाटस रस्त्यावर एक जीप उलटली होती आणि तिचं कापडी हूड या अपघातातच फाटलं, असं मालकाचं म्हणणं होतं. ते हूड हिराक्कांनी शिवलेलं, म्हणून तो मला मोठ्या भरवशानं त्यांच्या दुकानात घेऊन आला. भिगवण रस्त्याला पत्र्याची एक शेड. आत पोत्यावर बसून साठीला टेकलेल्या एक काटक बाई ट्रॅक्टरच्या सीटवर रेक्झिन ताणत होत्या. त्यांनी हूड मांडीवर घेतलं, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मालकाकडे न बघता मला म्हणाल्या, "ह्यो फाटा जुना हाय. कड बगा कशी मऊ पडलीया, धूळ आत मुरलीया. कालची फाटलेली कड बोटाला टोचती."

मालक तोंड पाडून निघून गेला आणि पुन्हा कधी त्या शेडकडे फिरकला नाही. मी त्यांना विचारलं, की खरं का सांगितलंत, तुम्ही गप्प राहिला असतात तरी मला काही कळलं नसतं. त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. ते कापड त्यांच्या हातचं होतं, त्याच्याबद्दल खोटं कसं सांगायचं, एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा रेक्झिन ताणायला लागल्या.

हिराबाई ओव्हाळ. सगळे त्यांना हिराक्का म्हणत, मीही म्हणायला लागलो. त्या मला भाऊ म्हणत. माझ्या कामाच्या फेऱ्या इंदापूर, भिगवण, वालचंदनगर अशा चालत, आणि परत येताना त्यांच्या शेडवर चहाला थांबायचं हे हळूहळू ठरूनच गेलं. बोलणं फार नसे. त्यांच्या अंबाड्यात कायम एक वाकडी सुई खोवलेली असे, केसांच्या आकड्यासारखी, आणि तोंडात मेणाचा खडा. दोरा ओठांतून ओढून त्याला मेण लावायची त्यांना सवय होती. त्यामुळे निम्मा वेळ त्या मानेनंच होय-नाही सांगत. एखादा कारागीर काही विचारायला आला, की एकच उत्तर, "बोटाला इचारा."

आणि बोटाला खरोखरच सगळं कळे. गादीच्या खालून हात घालून, डोळे मिटून त्या सांगत, आत काथ्या आहे, की फोम, की घोड्याचे केस. चामडं वासावरून ओळखत. माझ्यासमोर एकदा एका ड्रायव्हरनं ट्रकची सीट आणली, तर सीटचा बसका भाग चाचपून त्या त्याला म्हणाल्या, की कंबरेचं औषध घ्या, तुम्ही उजवीकडं कलून बसता. ड्रायव्हर चकित झाला. कंबर दुखत होतीच.

हे काम त्यांना नवऱ्यानं शिकवलं होतं. आक्कांचं माहेर पणदऱ्याचं. लग्न होऊन त्या वालचंदनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत आल्या. नवरा तिथल्या मोटारींच्या गाद्यांचं काम करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या बागायतदारांची खासगी कामं क्वार्टरच्या ओट्यावर बसून करायचा. त्याचं नाव त्या घेत नसत. नेहमी "मिस्त्री". छप्पन साली सासऱ्यांनी दीक्षा घेतली, घरातले देव गेले, बुद्धाची तसबीर आली, मुलींच्या शाळा सुरू झाल्या. त्याच काळात मिस्त्रींनी बायकोच्या हातात दाभण आणि चामडं पक्कं दिलं. भावकीतल्या लोकांनी नावं ठेवली. जुनी कामं सोडा म्हणून सांगितलंय आणि तुम्ही चामडं कुठं धरता, असं ते म्हणत. मिस्त्रींचं उत्तर आक्कांनी मला शब्दशः सांगितलं होतं, "कुनी लादलेलं काम न्हाय ह्ये. शिकलेलं हाय."

आक्का चाळिशीत असताना मिस्त्री गेले. तापाचं निमित्त झालं. क्वार्टर सोडावं लागलं. आक्कांनी बारामतीत शेड टाकली आणि मुलीला नर्सिंगला घातलं. मिस्त्रींचा एक फोटो होता, कामावरच्या पासावरचा, नखाएवढा. त्यावर शिक्का बसलेला, त्यामुळे चेहरा अर्धाच दिसे. मी एकदा म्हणालो, की त्यांच्या हातचं एखादं काम तरी जपून ठेवायला हवं होतं. आक्का बराच वेळ दोरा ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "गादीवाल्याचं काम ऱ्हात न्हाय भाऊ. लोक बसत्यात, ती झिजती, फाटती, फेकून देत्यात. सुताराचा दरवाजा ऱ्हातो, गवंड्याची भित ऱ्हाती. आमचं काय ऱ्हानार?"

मला जुन्या गाड्यांची हौस होती. पुण्यात अशा हौशी लोकांचं एक मंडळ होतं. दर हिवाळ्यात ते गाड्यांचा मेळावा भरवी, आणि माझं अक्षर बरं म्हणून परीक्षकांच्या मागे मार्कांचा तक्ता घेऊन फिरायचं काम माझ्याकडे असे. गाडीला शंभर मार्क धरायचे आणि जे जे त्या काळातलं नाही त्याचे कापत जायचे. इंजिन, रंग, दिवे, गाद्या, आणि शेवटी गाडीबरोबरचं सामान, म्हणजे भोंगा, ट्रंक, हत्यारांची पिशवी, सहलीची टोपली. मुख्य परीक्षक आपटे सर मोटारींचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना इंजिनातलं सगळं कळे, पण गाद्या आणि सामान याबाबतीत मालक सांगेल त्यावर विसंबावं लागे, याची त्यांना खंत होती. मी हिराक्कांचं नाव सुचवलं. सर दुसऱ्याच आठवड्यात बारामतीला आले, शेडमध्ये तासभर पोत्यावर बसले आणि जाताना त्यांना निमंत्रण देऊन गेले.

पहिल्या वर्षी पुण्याच्या मैदानाच्या फाटकावर माणसानं आक्कांना अडवलं. कामवाल्या बायकांनी मागच्या बाजूनं यायचं, असं तो म्हणाला. मी धावत गेलो, तोवर त्या शांतपणे मागच्या फाटकातून आत येऊन पहिल्या गाडीपाशी उभ्याही होत्या. परीक्षकाचा बिल्ला मी त्यांना दिला, तर त्याची पिन लुगड्याला भोक पाडील म्हणून त्यांनी सुई काढून तो पदरावर चार टाक्यांत शिवून घेतला.

त्या दिवशी एका गाडीच्या हत्यारांच्या पिशवीचं फार कौतुक चाललं होतं. कॅनव्हासची गुंडाळी, तेलानं काळवंडलेली, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. मालक सांगत होता, की गाडीबरोबर विलायतेहून आलेली. आक्कांनी गुंडाळीच्या शिवणीचं एक सुटलेलं टोक बोटांत धरलं आणि मालकाकडे काडीपेटी मागितली. टोकाला काडी लावली. दोरा जळला नाही, वितळला, आणि टोकाला काळा मणी झाला. सुती दोऱ्याची राख होते. नायलॉन त्या काळात होतंच कुठं, असं आपटे सरांनी इंग्रजीत समजावून सांगितलं. आक्का तोवर पुढच्या गाडीकडे गेल्या होत्या.

तिथं एका हौशी गृहस्थानं गाडीला सहा दिवे, दोन भोंगे, पितळी कंदील, फुलदाणी, वेताची टोपली आणि मागं चामड्याची ट्रंक असं सगळं लावलं होतं. स्वतः फेटा बांधून उभा. आक्कांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि फक्त ट्रंकेच्या पट्ट्याखाली बोट घातलं. खालचा रंग गुळगुळीत, नवा. त्यांनी मला हळूच विचारलं, की ही ट्रंक पन्नास वर्षं इथं बांधलेली असेल तर पट्ट्याचा वळ कुठं आहे. मी ते मालकाला विचारलं. त्यानं ट्रंक मागच्याच महिन्यात बाजारातून आणल्याचं कबूल केलं आणि वर खळखळून हसलाही. आक्काही हसल्या. सामान मांडायची हौस त्यांना कळत होती, फक्त तिला मार्क द्यायचे नाहीत, इतकंच. पुढच्या वर्षी तोच गृहस्थ आपली टोपली घेऊन बारामतीला त्यांच्याकडून अस्तर बदलून घ्यायला आला.

अशी तीन-चार वर्षं गेली. लोक त्यांना ओळखू लागले. मेळाव्याच्या आदल्या महिन्यात पुण्याहून गाड्या त्यांच्या शेडसमोर उभ्या राहायला लागल्या. आणि मग एका वर्षी मंडळानं मेळावाच बारामतीत घ्यायचं ठरवलं. गाड्या पुण्याहून सोलापूर रस्त्यानं इंदापूरपर्यंत जाणार, तिथून बारामतीला येणार आणि एका शाळेच्या मैदानावर लागणार.

त्या मेळाव्यात इंदापूरजवळच्या माणिकराव गावड्यांची गाडी पहिल्यांदा आली. सदतीस सालची, उघड्या टपाची, गर्द हिरवी. माणिकरावांच्या आजोबांनी घेतलेली. त्यांच्या पश्चात ती शेतावरच्या कोठीत गोणपाटाखाली उभी होती. मंडळाचा सगळ्यात मानाचा करंडक असे तो कारखान्यातून बाहेर पडल्यापासून हात न लागलेल्या गाडीला. नव्यानं घडवलेल्या गाड्यांचा गट वेगळा. हात न लागलेल्या गटात बरेचदा एकही गाडी पात्र ठरत नसे आणि करंडक तसाच परत पुण्याला जाई. ही गाडी बघून सगळ्यांचे डोळे चमकले. रंग उडालेला, पण मूळचा. दिवे मूळचे. तांबड्या चामड्याच्या गाद्या भेगाळलेल्या, पण टाका न् टाका जागेवर. मागच्या गादीवर माणिकरावांच्या आई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. माणिकराव मोठ्या अभिमानानं सांगत होते, की आजोबांनी या गाडीला कुणाला बोट लावू दिलं नाही.

आपटे सरांनी इंजिन पाहिलं. दुसऱ्या परीक्षकानं दिवे आणि रंग पाहिला. एकही मार्क कापला गेला नाही. गाद्यांकडेही सरांनी नजर टाकली आणि मला म्हणाले, की पूर्ण लिहून टाका, आक्का बघतीलच.

आक्का आल्या. माणिकरावांच्या आईंना नमस्कार करून त्यांना जरा खाली उतरायला सांगितलं. मागची गादी एका बाजूनं उचलली, फुटबोर्डवर बसल्या आणि गादीखाली हात घातला. डोळे मिटले. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. चार-पाच श्वासांत त्यांचं काम होत असे. या वेळी हात बाहेर येईना. मला वाटलं, काही टोचलं की काय. मी जवळ गेलो, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, लिवू नका अजून."

मग त्यांनी गादी पूर्ण उलटी केली. खाली स्प्रिंगा, आणि स्प्रिंगा एकमेकींना बांधलेल्या सुतळीनं. त्या सुतळीवरून त्या अंगठा फिरवत राहिल्या. नंतर चामड्याची आतली शिवण बघितली. मग काहीच न करता नुसत्या बसून राहिल्या. ऊन चढलं होतं. माणिकराव अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायला लागले. आपटे सर आले आणि त्यांनी वाकून काय झालं ते विचारलं.

आक्कांनी सांगितलं, की ही गादी कारखान्याची नाही. नंतर भरलेली आहे.

सरांचा विश्वास बसेना. चामडं त्याच जातीचं होतं, पट्टे तेवढ्याच रुंदीचे, टाके एका मापाचे. आक्कांनी त्यांचं बोट धरून शिवणीवर ठेवलं. टाके उजवीकडे झुकण्याऐवजी डावीकडे झुकलेले होते. डावखुऱ्या माणसाची शिवण. ते वरून दिसत नव्हतं, खालून लागत होतं. सर म्हणाले, की कारखान्यातही एखादा डावखुरा कारागीर असेल. आक्का म्हणाल्या, "आसंल. पर मिस्त्रीबी डावखुरंच हुतं, आन ही सुतळी बगा. घायपाताची हाय. बांधावरचा घायपात. पणदऱ्याला माज्या बापाच्या बांधावर हुता. विलायती सुतळी मिळत न्हवती, म्हनून आमी ह्योच वापरायचो. ह्यो मी वळलाय, मांडीवर. माजा पीळ मला कळतो."

माणिकराव चिडले. आजोबांचं नाव त्यात होतं. परक्या बाईनं येऊन त्यांच्या घराला खोटं ठरवावं हे त्यांना सहन होईना, आणि तसं ते बोललेही. तेव्हा माणिकरावांच्या आईच पुढं आल्या आणि सांगू लागल्या. त्या लग्न होऊन आल्या त्याच वर्षी उंदरांनी गाडीच्या गाद्या खाल्ल्या होत्या, आणि सासऱ्यांनी त्या बैलगाडीत घालून वालचंदनगरला पाठवल्या होत्या. महिनाभर गाडी नुसतीच उभी होती. सासऱ्यांना ते कुणाला सांगायला आवडत नसे, म्हणून त्याही कधी बोलल्या नव्हत्या.

माणिकराव गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

आपटे सरांनी आक्कांना थोडं बाजूला नेलं. मी तक्ता घेऊन तिथंच होतो. सर म्हणाले, की चाळीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, मलाही आलं नाही, यापुढंही येणार नाही. तुम्ही म्हणाल तसं करू. मला वाटतं, सरांनी हे चांगल्या मनानं म्हटलं होतं. आक्का गप्प राहिल्या असत्या, तर मिस्त्रींचं काम विलायतेच्या कारखान्याचं म्हणून मानाचा करंडक घेऊन गेलं असतं. यापेक्षा मोठी दाद कुठल्या कारागिराला मिळणार? पण त्या म्हणाल्या, "मंग त्ये त्येंचं काम कुटं ऱ्हायलं? त्ये तर कारखान्याचं झालं."

सरांनी मान डोलावली. मला म्हणाले, की गाद्या नंतर भरलेल्या अशी नोंद करा. मी लिहिलं. तक्त्यात पुढं एक रकाना होता, काम कोणी केलं, माहीत असल्यास. मी आक्कांकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला. आणि माझ्याकडे न बघता, गादीकडे बघत, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "लिवा. दगडू सखाराम ओव्हाळ."

इतक्या वर्षांत मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांनीही ते मोठ्यानं कधी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही.

गाडी त्या गटातून बाद झाली. करंडक त्या वर्षीही परत पुण्याला गेला.

मी समजलो, इथं हे संपलं. पण महिन्याभरानं माणिकराव आक्कांच्या शेडवर आले. राग गेला होता, ईर्षा तशीच होती. आता गाडी नव्यानं घडवलेल्या गटात उतरवायची, त्यासाठी कारखान्याच्या मूळ नमुन्याचं चामडं परदेशातून मागवलंय, जुनी गादी सोलून नवी चढवायची, आणि हे काम तुमच्याशिवाय कुणाला देणार नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आक्कांना हा मान वाटेल अशीच त्यांची समजूत होती.

मला कळलं तेव्हा मी आक्कांना म्हणालो, की नाही म्हणा. त्या गादीला तुम्ही हात लावू नका. त्यांनी मेणाचा खडा तोंडातून काढला आणि विचारलं, की मग कोण लावणार. पुण्यातला कुणीतरी ब्लेडनं टराटरा फाडील. त्यापेक्षा मी उसवते.

कारागिरांना त्यांनी जीपच्या कामाला लावलं आणि ती गादी एकटीनं घेऊन शेडच्या मागच्या बाजूला बसल्या. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. त्या कापत नव्हत्या. एकेक टाका सुईच्या टोकानं सैल करत होत्या, दोरा तसाच ओढून घेत होत्या. मी समोर बसलो. त्या स्वतःशी बोलल्यासारखं सांगत गेल्या. उसवायचं ते शेवटाकडून, म्हणून मिस्त्रींनी सगळ्यात शेवटी घातलेला टाका आधी निघाला होता. मग त्यांचा दिवस मागं मागं जात होता. एका जागी टाके जरा ढिले होते, तिथं उजेड गेला असणार. एका जागी गाठ होती. त्यावर बोट ठेवून आक्का म्हणाल्या, "हितं उठल्यात. मी जेवाया हाक मारली आसंल." पुढं दोन बोटं शिवण इतकी घट्ट होती, की सुई जाईना. जेवणाआधी भुकेल्या पोटी त्यांचा हात असा ओढत असे, हे त्यांना आठवलं. त्या हसल्या. मला चहा द्यायचंही त्यांना सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. एकच कोपरा राहिला होता. आक्का तो मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या. त्यांनी मला बोट लावून बघायला सांगितलं. मला आता थोडंफार कळायला लागलं होतं. तिथं वीतभर जागेत टाके उजवीकडे झुकलेले होते. वेडेवाकडे, कमी-जास्त अंतराचे. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ह्ये माजं," त्या म्हणाल्या. "शिकत हुते तवा. गिऱ्हायकाच्या कामाला मला हात लावू देत न्हवते. दिला आसंल कवातरी. उसवून पुन्हा का घातलं न्हाय, काय की."

मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्या मोजत बसलो. परत आत आलो तेव्हा तो कोपराही उसवून झाला होता. मी विचारलं, हे चामडं ठेवणार का. त्या म्हणाल्या, "ठिवून काय करू? वाचून झालं."

त्या शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेल्या होत्या. हा शब्द त्यांनी कसा वापरला याचं मला आजही नवल वाटतं. चामड्याची गुंडाळी काही महिने शेडच्या कोपऱ्यात दिसत होती. नंतर दिसेनाशी झाली. मी विचारलं नाही.

नवं चामडं त्यांनी कारखान्याच्या नमुन्याबरहुकूम चढवलं, उजव्या हातानं, उजवीकडे झुकणाऱ्या टाक्यांनी. फक्त स्प्रिंगांची सुतळी बदलली नाही. माणिकरावांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, की सुतळी मजबूत आहे, पण नियमात बसत नाही, अर्धा मार्क जाईल, तुम्ही म्हणाल तर काढते. माणिकराव काही बोलायच्या आत त्यांच्या आई म्हणाल्या, राहू दे. पुढच्या मेळाव्यात त्या गाडीपाशी आक्का गेल्याच नाहीत. आपलं काम आपण तपासायचं नसतं, असं म्हणून दूर उभ्या राहिल्या. पण सुतळीबद्दल आपटे सरांना आधी सांगून ठेवायला विसरल्या नाहीत. सरांनी अर्धा मार्क कापला. तरीही गाडी तिच्या गटात पहिली आली. तक्त्यावर मी लिहिलं होतं: स्प्रिंगांचे बंध घायपाताचे, पणदरे.

त्यानंतर दोन वर्षांनी आक्कांनी परीक्षकाचं काम सोडलं. साखरेच्या आजारानं त्यांची बोटं बधिर होत चालली होती. मला त्यांनी कळू दिलं नव्हतं. एका मेळाव्यात त्यांनी एका गाडीची गादी चाचपून काथ्या म्हणून सांगितलं, मी लिहिलंही. चार पावलं पुढं जाऊन त्या थांबल्या, परत आल्या आणि गादी उलटून डोळ्यांनी पाहिली. आत फोम होता. त्यांनी ते मला खोडायला लावलं, दुरुस्त करून घेतलं आणि तिथंच उभ्या उभ्या पदरावरचा बिल्ला उसवून आपटे सरांच्या हातात दिला. सर नको नको म्हणत राहिले. शेड कारागिरांना देऊन त्या इंदापूरला मुलीकडे राहायला गेल्या. माझी बदली पुढं नगरला झाली. दशक संपता संपता मुलीचं पत्र आलं, की आई झोपेतच गेली. पत्र दहा दिवसांनी पोचलं होतं, त्यामुळे मला जाताही आलं नाही.

शेवटचं त्यांना पाहिलं ते त्या इंदापूरला गेल्यावर, माझी बदली होण्याआधी. इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक ट्रॉली उलटली होती आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून तिची मोजमापं लिहीत होतो. सकाळची वेळ. वालचंदनगरकडून ती हिरवी गाडी येताना दिसली, टप उघडा. माणिकराव चालवत होते. मागच्या गादीवर त्यांच्या आई आणि शेजारी हिराक्का. जन्मभर शेकडो गाड्यांच्या गाद्या भरणाऱ्या या बाईला गाडीत बसून कुठं चाललेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. एसटीनं यायच्या, नाहीतर चालत. माणिकरावांच्या आईंनी पदर एका हातानं डोक्यावर धरून ठेवला होता. आक्कांचा पदर केव्हाच खांद्यावर पडला होता, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते, आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

मी हात केला. गाडी माझ्यापासून दहा फुटांवरून गेली. त्यांनी मला पाहिलं नाही. त्या माणिकरावांच्या आईंकडे वळून काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून, भराभर, आणि त्या दुसऱ्या म्हाताऱ्या बाई मान पुढं काढून, कान देऊन ऐकत होत्या. इंजिनाच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही. पुढं उसाच्या दोन गाड्या आडव्या होत्या. माणिकरावांनी भोंगा वाजवला, गाडी त्यांच्यामधून हळूच निघाली, आणि वळणापर्यंत मला दिसत होतं, की आक्का अजून बोलतच आहेत.